परीक्षा नक्की कोणाची?

नाटोच्या फौजांमध्ये कुणाला किती भाषा येते ते मोजायचं एक प्रमाण आहे. नाव अगदी रुक्ष, स्टॅनॅग ६००१. १९७६ पासून चालत आलेलं. ऐकणं, बोलणं, वाचणं, लिहिणं ही चार कौशल्यं आणि प्रत्येकाला शून्य ते पाच पायऱ्या. मग अधिकाऱ्याच्या नावापुढे ३-३-३-२ असे आकडे लागतात. नाटोतल्या जागेसाठी किती आकडे हवेत ते आधीच ठरलेलं असतं, आणि पोलंडचा किंवा बल्गेरियाचा मेजर ते गाठायला संसार सांभाळून इंग्रजीच्या वर्गात बसतो.

प्रमाण वाईट आहे असं मी म्हणत नाही. प्रत्येक देश आपली परीक्षा आपणच काढतो, त्यामुळे एकाचा तीन तो दुसऱ्याचा दोन निघू शकतो. त्यावर ताळा म्हणून सामायिक परीक्षाही तयार केली गेली. हे सगळं ठीकच.

माझं भांडण वेगळं आहे. या शिडीची सगळ्यात वरची पायरी म्हणजे सुशिक्षित मातृभाषिकासारखी भाषा. म्हणजे ब्रिटिश किंवा अमेरिकन अधिकारी जन्मतःच पास! त्याचं इंग्रजी समोरच्या एस्टोनियन कॅप्टनला कळतं का, हे सहसा कुणी तपासत नाही. बैठकीत गोंधळ झाला की दोष कॅप्टनच्या कच्च्या इंग्रजीचा.

आता एक जुनी गोष्ट. एप्रिल १९५१, कोरिया, इमजिन नदी. चिनी फौजेने ब्रिटिशांच्या ग्लॉस्टर पलटणीला घेरलं होतं. ब्रिगेडियर ब्रॉडीने अमेरिकन जनरल सोल यांना परिस्थिती सांगितली ती अशी, की 'अ बिट स्टिकी' आहे. ब्रिटिश कानाला याचा अर्थ 'मरतोय, धावा'. अमेरिकन कानाला, 'जरा अवघड आहे, पण निभावेल'. पाचशेहून जास्त माणसं कैदेत गेली, निसटली ती जेमतेम चाळीसएक. पलटण एका शब्दामुळे बुडाली असं कुणी म्हणू नये, पण हा किस्सा आजही सांगितला जातो तो उगाच नाही. दोघंही मातृभाषिक! स्टॅनॅग तेव्हा असतं तर दोघांनाही पाचात पाच.

(आपलं 'बघू हं' आठवा. लग्नाच्या बैठकीत त्याचा अर्थ 'नाही' असतो हे परक्या माणसाला कोण सांगणार?)

विमानवाल्यांना हे आधी कळलं. आंतरराष्ट्रीय उड्डाणांसाठी २००८ पासून लागू झालेल्या भाषेच्या नियमांत इंग्रजी मातृभाषा असलेला वैमानिकही मूल्यमापनातून सुटत नाही, आणि उच्चार इतर देशांच्या लोकांना कळण्याजोगा हवा अशी अट आहे. मग फौजेला काय झालं?

आमच्या नानाकाकांचं उदाहरण देतो. (घरची मंडळी हे वाचतातच, त्यामुळे वाढवून सांगायची सोय नाही!) ते मराठा लाइट इन्फंट्रीत होते. तिथे अधिकारी पंजाबचा असो की केरळचा, मराठी त्यालाच शिकावी लागते. काकांचे एक सरदारजी साहेब पहिले काही महिने जवानांना 'जेवली का?' विचारायचे. सगळे हसायचे, पण विचारायचे ते साहेब. इंग्रजांच्या काळातही गोऱ्या अधिकाऱ्याला उर्दूची परीक्षा द्यावी लागे. प्रेमापोटी नव्हे, हुकूम खालपर्यंत पोचावा म्हणून. ज्याच्या हातात हुकूम, कळेल असं बोलायची जबाबदारी त्याची, हे तेव्हाही मान्य होतं.

नाटोत हे उलटं झालंय. यावर कुणी म्हणेल, अहो, बत्तीस देशांना एक भाषा हवीच ना? हवीच की! पण ती भाषा म्हणजे लंडनच्या क्लबातलं इंग्रजी नव्हे. म्हणून त्या चार आकड्यांना एक पाचवा जोडा. सावकाश बोलणं, म्हणी आणि क्रिकेट-बेसबॉलच्या उपमा टाळणं, समोरच्याला काय समजलं ते त्याच्याच तोंडून वदवून घेणं, एवढंच त्यात तपासा. परीक्षक बल्गेरियन सुभेदार असू दे, आणि पहिली तुकडी इंग्लंड-अमेरिकेच्या कर्नलांची बसवा.