मे महिन्यात पल्सार शोधताना

परवा रात्री दोनच्या सुमारास माझा लॅपटॉप आपोआप बंद पडला. सुरतेच्या कतारगाममधलं आमचं घर वरच्या मजल्यावर आहे, त्यामुळे दिवसभर तापलेला स्लॅब मध्यरात्रीनंतरही गरम असतो. त्यात मी प्रोसेसरचे आठही कोर एकाच वेळी आइन्स्टाइन ॲट होम या प्रकल्पाच्या कामाला जुंपले होते. चूक माझी होती. नव्याने या कामात शिरणारी मुलं नेमकी हीच चूक करतात, म्हणून आजचा स्तंभ तिच्यावर.

आधी काम समजून घ्या. गुरुत्वीय लहरींच्या वेधशाळा आणि दुर्बिणी इतक्या नोंदी जमवतात की त्या चाळायला एखाद्या संस्थेचे संगणक पुरत नाहीत. म्हणून कामाचे तुकडे पाडून ते जगभरच्या घरगुती संगणकांना वाटले जातात. बॉइंक नावाचं मोफत सॉफ्टवेअर तुकडा उतरवून घेतं, सोडवतं आणि उत्तर परत पाठवतं. १९९९ मध्ये सेटी ॲट होमने ही रीत घराघरांत नेली. त्या प्रकल्पाने २०२० च्या मार्चअखेर नवं काम वाटणं थांबवलं. २००५ पासूनचा आइन्स्टाइन ॲट होम मात्र चालूच आहे. २०१० मध्ये त्याने सेकंदाला सुमारे चाळीस गिरक्या घेणारा एक पल्सार, म्हणजे मेलेल्या ताऱ्याचा फिरता गाभा, शोधला. तो सापडला आयोवातल्या एका दांपत्याच्या आणि जर्मनीतल्या माइन्झच्या एका माणसाच्या संगणकांवर. ती बातमी वाचली तेव्हापासून मी यात आहे.

आपल्या वाचकांसाठी यात घरची गोष्टही आहे. हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ गुरुत्वीय लहरींच्या लायगो-इंडिया वेधशाळेला २०२३ च्या एप्रिलमध्ये केंद्र सरकारची मंजुरी मिळाली, खर्च २,६०० कोटी रुपये. गोंगाटातून अशा लहरींची खूण कशी वेचायची, याच्या गणितात पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेतल्या संजीव धुरंधर यांचा मोठा वाटा आहे. मराठवाड्यातल्या मुलांनी हे काम आतापासून हाताळावं असं मला फार वाटतं, आणि त्यांच्याकडे असेल तो साधा लॅपटॉपच.

लॅपटॉपची अडचण त्याच्या बांध्यातच आहे. बोटभर जाडीच्या पेटीत एक-दोन छोटे पंखे, तांब्याची नळी आणि पातळ पत्र्यांची जाळी, एवढ्यावर त्याला सगळी उष्णता बाहेर टाकायची असते. हवा २५ अंशांऐवजी ३७ अंशांची आत गेली, की आतलं तापमानही साधारण तेवढ्याच बारा अंशांनी चढतं. सुरतेच्या दमट हवेत आपला घाम वाळत नाही, लॅपटॉपला मात्र त्या ओलाव्याने फरक पडत नाही. त्याला घाम येत नाही, हवा किती गरम एवढंच त्याला कळतं. ९५ ते १०० अंशांच्या आसपास प्रोसेसर स्वतःच वेग कमी करतो. म्हणजे आठ कोर लावून चारांच्या दुप्पट काम होत नाही, उष्णता मात्र पुरेपूर होते. सुरतेत आणखी एक भर आहे. यंत्रमाग आणि एम्ब्रॉयडरीच्या कारखान्यांजवळ राहणाऱ्यांच्या घरात सुताचा बारीक तूस उडतो आणि पंख्यामागच्या जाळीत नमद्यासारखा बसतो. बंद पडलेला लॅपटॉप उघडला तेव्हा माझ्याकडेही तोच निघाला.

शेजारचे काका तीस वर्षं हिरे घासत आले आहेत. ज्या फिरत्या चकतीवर हिरा घासतात तिला इथे सरण म्हणतात. मराठी कानाला हा शब्द पहिल्यांदा दचकवतो. लॅपटॉपची हकिगत ऐकून काका म्हणाले, "भाऊ, सरणवर हिरा जोराने दाबला तर लवकर होईल असं नव्या पोराला वाटतं. तापून डाग पडतो. मग तो डाग काढायला पुन्हा घासा, वजन गेलंच." हिरा तांब्याच्या पाचपट उष्णता वाहून नेतो. खरा-खोटा ओळखायचं बाजारातलं पेनासारखं यंत्रही याच गुणावर चालतं. असा दगडसुद्धा दाब सोसत नाही, तर प्लास्टिकच्या पेटीतली चिप काय सोसणार?

डाग आकडेमोडीलाही पडतो. फार तापलेला संगणक कधी कधी चुकीचं उत्तर देतो. म्हणूनच एकच तुकडा दोन अनोळखी संगणकांना दिला जातो आणि उत्तरं जुळली नाहीत तर तिसऱ्याला. म्हणजे माझ्या घाईची किंमत कुठल्या तरी तिसऱ्या माणसाच्या विजेने चुकती होते. सोडवलेल्या तुकड्यांबद्दल मिळणाऱ्या गुणांच्या तक्त्यात वर चढण्यासाठी मशीन तापवणाऱ्यांवर माझा राग आहे तो याचसाठी.

उपाय साधा आहे. बॉइंकमध्ये 'किती टक्के वेळ' आणि 'किती टक्के कोर' अशा दोन मर्यादा असतात. वेळेची मर्यादा काम सतत चालू-बंद करते, त्यामुळे पंखा वरखाली होत राहतो. त्यापेक्षा कोर कमी करा. विंडोजच्या पॉवर सेटिंगमध्ये प्रोसेसरची कमाल मर्यादा १०० वरून ९९ टक्के केली, की बऱ्याच लॅपटॉपमधला टर्बो बंद होतो. टर्बोच्या वरच्या वेगासाठी व्होल्टेज वाढवावं लागतं आणि विजेचा खप व्होल्टेजच्या वर्गाने चढतो, म्हणून वेगात थोडंसं सोडलं तरी उष्णतेत बरंच वाचतं. लॅपटॉप गादीवर नको, मागची बाजू दोन पुस्तकांवर उचलून ठेवा. बॅटरीवर काम चालू देऊ नका. चार्जिंग ८० टक्क्यांवर थांबवायची सोय असेल तर ती वापरा, कारण पूर्ण भरलेली आणि गरम बॅटरी लवकर म्हातारी होते. आणि जाळी साफ करताना पंखा काडीने अडवून धरा, फुंकरीने तो भरधाव फिरू देऊ नका.

आता मी आठपैकी तीनच कोर देतो, तेही रात्री अकरा ते सकाळी सहा. खिडकी उघडी, टर्बो बंद, तापमान सत्तरच्या आसपास. आज पहाटे उठलो तेव्हा एक तुकडा परत गेलेला होता, आणि त्याच्या मुदतीला अजून नऊ दिवस होते.