तुम्ही जाऊन या

गेले बरेच शनिवार इथे काही लिहिलं नाही. कारण साधं आहे, घरी माणसं आली होती. आई-बाबा, आजी, ताई आणि ताईचा सहा वर्षांचा मुलगा. (भाऊजींना रजा मिळाली नाही. आयटीतल्या माणसाला रजा का मिळत नाही, हा एका वेगळ्या शनिवारचा विषय.) मी सध्या फ्रँकफुर्टला असते. दोन खोल्या, सहा माणसं, एक बाथरूम. मजा आली :)

तर युरोपात आल्यावर पॅरिस बघायचंच, यावर घरात एकमत होतं. वाद झाला तो परतीच्या प्रवासावरून. पॅरिसहून फ्रँकफुर्टला थेट गाडी आहे, साधारण चार तासांची. मी म्हटलं, मध्ये स्ट्रासबूर्गला दोन रात्री राहू. बाबा म्हणाले, "चार तासांच्या प्रवासात मुक्काम कसला करायचा? पुण्याहून कोल्हापूरला जाताना आपण साताऱ्याला राहतो का?"

प्रश्न चोख होता. माझ्याकडे तेव्हा उत्तर नव्हतं, फक्त बुकिंग होतं. मोफत रद्द करण्याची मुदत संपली आहे असं सांगून मी वेळ मारून नेली. (संपली नव्हती. बाबा, हे वाचत असाल तर सॉरी.)

आधी पॅरिसबद्दल सांगते, कारण उत्तर तिथेच मिळालं. मी चार दिवसांची एक्सेल शीट केली होती, रंग वगैरे देऊन. कुठे किती वाजता, कुठून कुठली मेट्रो, कुठे बदलायची. पॅरिसची मेट्रो 1900 साली सुरू झाली. जुन्या मार्गांवरच्या बहुतेक स्टेशनांत लिफ्ट नाही. पूर्णपणे विनापायरी असा तिथला मार्ग म्हणजे 1998 साली सुरू झालेला चौदा नंबरचा. हे मी वाचलं होतं, तरी मनात असं की असतील दहा-वीस पायऱ्या. दहा-वीस नसतात हो. गाडी बदलायला आधी खाली, मग एक लांबलचक बोगदा, मग वर, आणि कशासाठी कोण जाणे पुन्हा खाली. पहिल्या दिवशी संध्याकाळी आजी एका स्टेशनातल्या खुर्चीवर बसली ती तीन गाड्या गेल्या तरी उठली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी चहा घेताना म्हणाली, "मला इथेच बसवा, तुम्ही जाऊन या."

आणि आम्ही गेलो. आजीला एकटीला कसं ठेवायचं, म्हणून आई तिच्याजवळ थांबली. म्हणजे जिला लग्नाआधीपासून पॅरिस बघायचं होतं, तिने तो अख्खा दिवस हॉटेलच्या खोलीत काढला आणि संध्याकाळी आम्हाला विचारलं, "काय काय बघितलंत?" ह्या प्रश्नाला उत्तर देताना मला जे वाटलं ते इथे लिहीत नाही.

तिसऱ्या दिवशी अक्कल आली आणि आम्ही बसने फिरलो. पॅरिसच्या बसेस खालच्या तळाच्या आहेत, रॅम्प आहे, शिवाय खिडकीतून गाव दिसतं. पहिल्या दिवसापासून हेच करायला हवं होतं. व्हर्साय यादीतून काढून टाकलं. ताई त्यावर अजून धुसफुसते आहे आणि तिचं चूक आहे असं मला म्हणता येत नाही. एवढं विमानाचं तिकीट, व्हिसाचे कागद, बँकेची स्टेटमेंटं, हे सगळं करून आलेल्या माणसाला "आराम करा" म्हणून सांगणं सोपं आहे. मी चार तासांवर राहते, मी पुन्हा जाईन. तिचं पुन्हा जाणं कधी होणार? बाबांच्याही बोलण्याचा अर्थ हाच होता. एवढ्या खर्चात येऊन बसायचं काय?

पण एक हिशोब बाबांनी मांडलाच नव्हता. त्यांचा गुडघा. पॅरिसमध्ये ते जिना उतरताना कठडा धरत होते. विचारलं तर "बूट चावतोय" म्हणाले. स्ट्रासबूर्गला बॅग उघडली तेव्हा नी-कॅप आणि तेलाची बाटली दिसली. आजी निदान "तुम्ही जाऊन या" म्हणते. बाबांच्या वयाचे पुरुष तेही म्हणत नाहीत, नुसते मागे राहतात आणि फोटो काढत होतो म्हणून सांगतात.

आता स्ट्रासबूर्ग. पॅरिसच्या गार द लेस्त स्टेशनवरून पावणेदोन तास. 2007 च्या आधी ह्याच अंतराला चार तास लागायचे. 2016 साली वेगवान मार्गाचा उरलेला तुकडा झाला आणि वेळ इतका खाली आला. स्ट्रासबूर्गहून फ्रँकफुर्टही दोन तासांच्या आत, थेट. म्हणजे एक प्रवास बरोब्बर मधोमध मोडला होता, आणि दोन्हीकडे गाडी बदलायची नव्हती. मधलं गाव निवडताना मी हे सगळ्यात आधी बघते. कोलमार दिसायला जास्त देखणं आहे असं ऑफिसातल्या दोघांनी सांगितलं. असेल. पण तिथे जायचं म्हणजे स्ट्रासबूर्गला उतरून अर्ध्या तासाची दुसरी गाडी, सहा बॅगा आणि एक झोपलेलं पोर. खोडलं.

तिथली ट्राम 1994 पासून खालच्या तळाची आहे. स्टॉप आणि डबा एका पातळीत. आजी कुणाचाही हात न धरता चढली आणि आत जाऊन खिडकीशी बसली. पॅरिसमध्ये चार दिवसांत हे झालं नव्हतं.

माझी घोडचूक आता सांगते. तिकीट स्वस्त होतं म्हणून मी रविवार निवडला. अल्सास हा प्रांत 1871 ते 1918 जर्मनीकडे होता आणि त्या काळचे काही स्थानिक कायदे तिथे अजून चालू आहेत. त्यातला एक म्हणजे रविवारी दुकानं बंद. मी ऐटीत स्वयंपाकघर असलेलं घर घेतलं होतं, वरण-भात करू म्हणून. दूध नाही, दही नाही, डाळ कुठून आणणार? हॉटेलात जावं तर दुपारी अडीच-तीनला स्वयंपाकघर बंद होतं ते संध्याकाळी सात-साडेसातला उघडतं. बाबांना साखर आहे, त्यांना वेळेवर खावं लागतं. शेवटी स्टेशनातल्या दुकानात दूध मिळालं, आजीच्या पिशवीतून तांदूळ आणि मेतकूट निघालं, आणि आम्ही फ्रान्समध्ये दुपारी चार वाजता मेतकूट-भात खाल्ला. एकदम भारी लागला, ते सोडा. पण वयस्कर माणसांबरोबर असताना तिकिटाच्या भावाआधी वार बघा.

सोमवारी शीटमध्ये एकच ओळ होती, कॅथेड्रल. गुलाबी दगडाचं, 142 मीटर उंच, एकाच मनोऱ्याचं. दुसरा कधी बांधलाच नाही. 1647 ते 1874 ही जगातली सगळ्यात उंच इमारत होती. आत खगोलीय घड्याळ आहे. सध्याचं 1843 साली पूर्ण झालं, श्विल्गे नावाच्या माणसाने केलेलं. दुपारी साडेबाराला येशूसमोरून बारा शिष्य जातात आणि कोंबडा तीनदा आरवतो. भाच्याला कोंबडा "परत लाव" असं झालं. बाबा मात्र खालच्या यंत्रापाशी. ते आयुष्यभर वीज मंडळात मीटर आणि रिले सांभाळत आले. त्या यंत्रात लीप वर्षाचा हिशोब आहे आणि ईस्टरची तारीखसुद्धा दातेरी चाकांनी काढलेली आहे. तारखांच्या बगने माझे किती शुक्रवार खाल्लेत ते मला विचारा! मी वीस मिनिटं धरली होती, बाबा तासभर हलले नाहीत. आणि हलवायचं कारणही नव्हतं, कारण पुढे काहीच नव्हतं.

मग ताई आणि भाचा तीनशेच्यावर पायऱ्या चढून गच्चीवर गेले. बाकी आम्ही चौकातल्या कॅफेत. आजी पुन्हा तेच म्हणाली, "तुम्ही जाऊन या." पण ह्या वेळी तिच्यासमोर कॉफी होती, अख्खा चौक होता, आणि वरून नातीने हात केला की तो दिसेल का, यावर तिची आणि बाबांची पैज लागली होती. (दिसला नाही. आजी म्हणते दिसला.) मला वाटतं, बेत जमला की फसला हे बघायचं असेल तर घरातलं सगळ्यात थकलेलं माणूस कुठे बसलंय आणि त्याच्यासाठी कोण अडकलंय, एवढंच बघावं.

दुपारी सगळे झोपले. मला झोप येईना. चार तास रिकामे आणि मी एक्सेल उघडून बसलेली. सवय वाईट.

संध्याकाळी ट्रामने जर्मनीत गेलो. खरंच. डी मार्गाची ट्राम 2017 पासून ऱ्हाइन ओलांडून केलला जाते. 2024 च्या सप्टेंबरपासून जर्मनीने आपल्या सगळ्या जमिनी सीमांवर तपासणी सुरू केली म्हणून पासपोर्ट जवळ ठेवले होते, कुणी विचारले नाहीत. पुलावर बाबांनी आजीला सांगितलं की हे गाव 1871 ला जर्मनीकडे, 1918 ला फ्रान्सकडे, 1940 ला पुन्हा जर्मनीकडे आणि 1944 ला परत फ्रान्सकडे गेलं. आजीने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग इथली माणसं घरात भांडतात कुठल्या भाषेत?"

मंगळवारी सकाळी मी पोहे करत होते. (सोमवारी दुकानं उघडल्यावर भारतीय किराणा शोधला, हो.) आई चपला घालून म्हणाली, "मी जरा जाऊन येते." कुठे, कुणाबरोबर, काही नाही. दीड तासाने आली. प्तित फ्रान्समध्ये कालव्याच्या काठी बसले होते म्हणाली. आजीने विचारलं, "काय बघितलंस?" तर म्हणाली, "काही नाही, पाणी." फोटोही काढला नव्हता.

खर्चाचं बाबांनी घरी आल्यावर वहीत मांडलं. तिकीट दोन तुकड्यांत घेतल्याने थोडं जास्त पडलं, दोन रात्रींचं घर वेगळं. त्यातून न पाहिलेलं व्हर्साय वजा केलं आणि आकड्याखाली दोन रेघा ओढल्या. बोलले काहीच नाहीत.

परवा पुण्याहून फोन आला. पुढच्या मे महिन्याचं चाललंय. "व्हिएन्नाहून प्रागला किती तास?"

"चार."

"मध्ये काय लागतं?"

म्हटलं, "ब्रनो."

"बघून ठेव," म्हणाले. "रविवार सोडून."