दारूबंदी, पंचनामा आणि अपील

दारूच्या वाहतुकीतला आरोपी अपिलात सुटला, की 'पैशापुढे कायदा वाकला' असे आपण बोलून मोकळे होतो. देवळाली प्रवरा-राहुरीचा टापू उसाचा. गूळ आणि नवसागर मिळाला की हातभट्टी पेटायला वेळ लागत नाही. तेव्हा हा प्रश्न आपल्याला परका नाही.

मुंबई राज्यात ६ एप्रिल १९५० पासून संपूर्ण दारूबंदी आली. १९४९ च्या कायद्याने दारू गाळणे, बाळगणे, वाहून नेणे हे सारेच गुन्हे ठरविले. गाडी व बैलही सरकारजमा होऊ शकत. १९५१ च्या बलसारा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने कायदा बव्हंशी उचलून धरला, परंतु मद्यार्क असलेल्या औषधांवरील बंदी रद्द केली. पुढे १९५४ मध्ये पेसिकाका खटल्यात, उच्च न्यायालयाने दोषी ठरविलेल्या मोटारचालकाला सर्वोच्च न्यायालयाने सोडले. पोटात गेलेला मद्यार्क बंदी असलेल्या दारूचाच होता, हे सरकारने सिद्ध केले पाहिजे, असे न्यायालयाने सांगितले. तो खटला वाहतुकीचा नव्हता. पण प्रश्न तोच, पुरावा कोणी द्यायचा?

वाहतुकीच्या खटल्यात सारी भिस्त पंचनाम्यावर असते. नमुना जागेवरच सीलबंद केला का? पंच खरोखर तेथे हजर होते, की कोऱ्या कागदावर सह्या करून गेले? रासायनिक तपासणीला गेलेली बाटली तीच होती का? आरोपीला गाडीतल्या मालाची जाणीव होती का? हे प्रश्न म्हणजे पळवाटा नव्हेत. कारण पकडला जातो तो बहुधा हमाल, गाडीवान किंवा ड्रायव्हर. मालाचा धनी घरी सुखाने झोपलेला असतो. ढिला पंचनामा गरिबाला कोर्टाच्या खेपा घालायला लावतो आणि धन्याला निसटू देतो.

कोणी म्हणेल, दारूने उद्ध्वस्त झालेल्या संसाराचे काय? प्रश्न रास्त आहे. आपल्याच जिल्ह्यात पांगरमलला २०१७ मध्ये विषारी दारूने माणसे दगावली. परंतु त्या विधवांना न्याय मिळायचा तर पुरावा अपिलातही टिकला पाहिजे. चंद्रपुरात २०१५ मध्ये दारूबंदी आली आणि २०२१ मध्ये उठली. नुसत्या बंदीने काम भागत नाही, हेच त्यातून दिसते.

म्हणून सुटलेल्या आरोपीकडे बोट दाखविण्यापूर्वी पंचनामा वाचावा. आणि आपल्याला कोणी पंच म्हणून बोलावले, तर डोळ्यांनी पाहिल्यावाचून सही करू नये. दारूबंदीला सुशिक्षित तरुणाने करावयाची मदत ती हीच.