ब्रेक ऑईल बदलणं हे पण शेतीचंच काम आहे

आज पिकाचं नाही, गाडीचं लिहितोय. माल काढून झाला की गाडी भरायची आणि रात्री बाजाराला निघायचं, हे आपलं ठरलेलं. जुन्नर-ओतूर भागातला भाजीपाला माळशेज घाट उतरून कल्याणला जातो. खाली उतरताना गाडीत दीड-दोन टन माल, पुढं धुकं, आणि सगळा भरवसा पायाखालच्या एका पेडलवर. त्या पेडलला जोडलेलं तेल कधी बदललं, असं विचारलं तर दहातले आठ जण म्हणतात, "कमी झालं की टाकतो की."

माझं म्हणणं असं, की इथंच आपण चुकतो. ब्रेक ऑईल नुसतं वरून टाकायचं नसतं, बदलायचं असतं. आणि जुन्या जीप-पिकअपला हे काम घरच्या घरी होतं.

कारण समजून घ्या. ब्रेक ऑईल हवेतला ओलावा ओढून घेतं. युरियाची फाटकी गोणी पावसाळ्यात पाझरते ना, तसंच समजा. डॉट ३ चं नवं तेल २०५ अंशाच्या खाली उकळत नाही. पाणी ओढलेल्या तेलाची हीच मर्यादा १४० अंशापर्यंत येते. घाटात सारखा ब्रेक दाबला की ड्रम तापतो, आतलं तेल उकळतं, त्याची वाफ होते. तेल दाबलं जात नाही, वाफ दाबली जाते. म्हणून पेडल थेट खाली जातं. सपाट रस्त्यावर चांगला लागणारा ब्रेक घाटात दगा देतो तो असा. म्हणून "ब्रेक तर लागतोय" हा काही पुरावा नाही.

दुसरी गोष्ट जास्त धोक्याची. आपल्या शेडमध्ये ट्रॅक्टरच्या हायड्रॉलिकच्या तेलाचा डबा असतोच. ब्रेक पण हायड्रॉलिक, मग तेच ओता, असं करणारे आहेत. कृपा करून करू नका. ब्रेकमधले रबरी वायसर त्या तेलानं फुगतात आणि सगळी लाईन खोलावी लागते. इंजिन ऑईल, डिझेल, यातलं काहीच चालत नाही. टाकीच्या झाकणावर डॉट ३ का डॉट ४ लिहिलेलं असतं, तेच टाका, आणि डबा सीलबंद घ्या. औषधाचं लेबल वाचून फवारतो, तसंच हे पण वाचायचं.

आता हवा काढायची रीत. इंजिन बंद, गाडी सपाट जागेवर, चाकांना दगड. चाक काढणार असाल तर नुसत्या जॅकवर विसंबू नका, खाली स्टँड किंवा लाकडी ठोकळे द्या. निपल गंजले असतील तर आदल्या दिवशी गंज सुटायचं तेल मारून ठेवा. रिंग पानाच वापरा, तोंडाच्या पान्यानं निपलचे कोपरे जातात.

मास्टर सिलिंडरपासून लांबचं चाक आधी. उजव्या हाताच्या आपल्या जुन्या गाड्यांना सहसा मागचं डावं, मग मागचं उजवं, पुढचं डावं आणि शेवटी पुढचं उजवं. तुमच्या गाडीच्या पुस्तकात वेगळा क्रम असेल तर तोच धरा. निपलला पारदर्शक नळी लावा, दुसरं टोक बाटलीत थोड्या नव्या तेलात बुडवा. घरातलं एक माणूस पेडलवर बसवा. त्यानं तीन-चार वेळा सावकाश दाबून धरायचं आणि "धरलंय" म्हणायचं. मग आपण निपल अर्धा वळसा सैल करायचा. बुडबुडे आणि काळं तेल येईल, पेडल खाली जाईल. आधी निपल आवळायचा, मगच "सोड" म्हणायचं. उलटं झालं तर हवा परत आत. नळीतून स्वच्छ तेल यायला लागलं आणि बुडबुडा थांबला की पुढचं चाक.

तीन गोष्टी सांभाळा. वरची टाकी अर्ध्याच्या खाली जाऊ देऊ नका, नाहीतर पहिल्यापासून सुरुवात. जुन्या गाडीत पेडलखाली लाकडाचा तुकडा ठेवा. पेडल पार तळाला गेलं तर सिलिंडरच्या न वापरलेल्या गंजक्या भागावर वायसर घासून फाटतात. आणि बाटलीतलं तेल परत टाकीत ओतू नका. तेल रंगावर सांडलं तर लगेच पाण्यानं धुवा.

हे सगळं लिहिलं की काही जण म्हणतात, हे मिस्त्रीचं काम, उगाच हात घालू नये. निम्मं बरोबर आहे. म्हणून हद्द ओळखा. पेडल गादीसारखं लागतं, तर हवा आहे, ते आपलं काम. पहिल्यांदा खोल जातं पण दोन-तीनदा मारल्यावर वर येऊन कडक लागतं, तर लायनरची सेटिंग बघा. दाबून धरल्यावर हळूहळू खाली बसतं, टाकीतलं तेल एकाएकी उतरतं किंवा चाकाच्या आतून ओल दिसते, तर गळती आहे. तिथं हवा काढून उपयोग नाही, गाडी मिस्त्रीकडेच. एबीएसवाल्या नव्या गाडीला घरी हात लावू नका.

काम झाल्यावर इंजिन चालू करून पेडल बघा, बूस्टरमुळं ते थोडं खाली जातं, तेवढं चालतं. मग रिकामी गाडी मोकळ्या रस्त्यावर हळू चालवून चार-पाच वेळा ब्रेक मारून बघा. त्याच दिवशी माल भरू नका.

दोन वर्षांतून एकदा, पावसाळ्याआधी, एवढं केलं तरी पुष्कळ. एका फवारणीपेक्षा कमी खर्च येतो. फवारणी चुकली तर एक पीक जातं. ब्रेकनं दगा दिला तर गाडीतली माणसं जातात, आणि समोरून येणारी पण. ज्याचा ट्रॅक्टर घरी सर्व्हिस होतो त्याला हे जड नाही. आणि हो, ब्रेक कितीही चांगला असला तरी ज्या गिअरात घाट चढता त्याच गिअरात उतरा.

तुमच्या गाडीचं तेल शेवटचं कधी बदललं, खाली लिहा.