शून्य भागिलें शून्य

हायस्कूल सोडून अकरावीस गेलेले विद्यार्थी सुटींत भेटावयास आले म्हणजे गणिताविषयीं एक तक्रार हटकून करतात: "लिमिटचें गणित सुटतें, पण समजत नाहीं." पालकांस हें बोलणें विचित्र वाटेल, मला तें अत्यंत प्रामाणिक वाटतें.

आपल्या चौक गांवाजवळील इर्शाळगडाच्या कड्यावरून एक दगड सुटला असें मनांत धरा. (मनांतच धरावें, खालीं माणसें व गुरें असतात.) हवेचा अडथळा सोडला, तर जितके सेकंद गेले त्यांच्या वर्गाच्या सुमारें ५ पट मीटर तो खालीं येतो. काटेकोर आंकडा ४.९ आहे, पण ५ सोयीचा. दोन सेकंदांत २० मीटर, तीन सेकंदांत ४५. आतां बरोबर दुसरा सेकंद संपतांना त्याचा वेग किती? पुढच्या संपूर्ण सेकंदाचा सरासरी वेग २५ येतो. पुढचा सेकंदाचा दहावा हिस्साच घेतला तर २०.५, शंभरावा घेतला तर २०.०५, हजारावा घेतला तर २०.००५. पण नेमक्या त्या क्षणीं अंतर शून्य आणि काळही शून्य! शून्य भागिलें शून्य यास कांहींच अर्थ नाहीं. तरीही वरचे आंकडे २० कडे सरकत आहेत, आणि काळ पुरेसा लहान घेतल्यास २० पासूनचा फरक आपण म्हणूं तितका लहान करतां येतो. या २० ला सीमा म्हणतात. त्या जागीं काय आहे हें सीमा विचारीत नाहीं. जवळ जातां जातां काय होतें, एवढेंच विचारते.

वर्गांत मात्र निराळेंच चालतें. लहान काळास 'अ' म्हणावें, अंतरास अ नें भागावें, २० + ५अ मिळवावे, मग अ च्या जागीं शून्य लिहून मोकळें व्हावें. एखादी चौकस मुलगी विचारते, "सर, भागतांना अ शून्य नव्हता, मग आतां कसा झाला?" तिला उत्तर मिळतें, परीक्षेंत असेंच लिहावयाचें असतें. हा तिच्यावर अन्याय आहे. हीच शंका १७३४ सालीं जॉर्ज बर्क्ली या बिशपानें न्यूटनच्या पद्धतीवर पुस्तक लिहून घेतली होती. तिचें समाधान होण्यास १८२१ सालचा कोशीचा ग्रंथ व त्यानंतर वायरश्ट्रास यांचें कार्य व्हावें लागलें. जी शंका फिटण्यास शंभर वर्षांवर काळ लागला, ती विचारणारीस गप्प बसवणें शिक्षकास शोभत नाहीं.

आपल्याकडेही हा प्रश्न नवा नाहीं. भास्कराचार्यांच्या 'लीलावती'त (११५०) एक उदाहरण आहे: एका संख्येस शून्यानें गुणावें, त्यांत त्याचेंच अर्ध मिळवावें, बेरजेस ३ नें गुणून शून्यानें भागावें; उत्तर ६३ येतें, तर संख्या कोणती? उत्तर १४. 'सिद्धांतशिरोमणी'त ते ग्रहाच्या तात्कालिक गतीचाही विचार करतात. म्हणजे आपल्या दगडाचाच प्रश्न आकाशांत नेलेला. यावरून सगळें कलनशास्त्र आपलेंच होतें अशी बढाई कोणी मारूं नये. शून्यास शून्यानें छेदण्याचें धाडस त्यांत आहे, सीमेची व्याख्या नाहीं. पुढें दर्पणकार बाळशास्त्री जांभेकर (१८१२–१८४६) यांनीं या विषयावर मराठींत पुस्तक लिहिलें, त्याचें नांव 'शून्यलब्धिगणित'. लब्धि म्हणजे भागाकार. नांव मोठें गोड, पण थोडें फसवें. कारण शून्यांचा भागाकार येथें कोणी करीतच नाहीं.

माझें मत असें कीं, पहिला आठवडाभर सूत्र मुळींच देऊं नये. केवळ आंकड्यांचे तक्ते करवावे. क्लासांतून लोपितालचा नियम आधीं शिकवतात व सीमा मागाहून, किंवा कधींच नाहीं. पालक विचारतात, आज किती गणितें झालीं? त्याऐवजीं मुलास भास्कराचार्यांच्या उदाहरणांत शून्याच्या जागीं ०.१, मग ०.०१, मग ०.००१ घालावयास सांगावें, आणि दर वेळीं ६३ च कां येतात हें त्याच्याच तोंडून ऐकावें. तें जमलें कीं चलपदाचा वर्ग वजा ९ यास चलपद वजा ३ नें भागावें, चलपद २.९ व २.९९ घेऊन पाहावें. येथें आंकडे एकच राहत नाहींत, सरकतात. कोठें सरकतात तें मुलानेंच सांगावें.