गोळी सुरू केली, सोडवणार कोण?

औषध दुकानांत कॅमेरे लावा, चिठ्ठीशिवाय झोपेची गोळी देऊ नका, नोंदवही चोख ठेवा, नाहीतर परवान्यावर गंडांतर. नशेसाठी विकली जाणारी मालेगावची ‘कुत्ता गोली’ आणि छत्रपती संभाजीनगरची ‘बटन’ गाजल्यापासून राज्यात जिल्ह्यामागून जिल्ह्यात हेच हुकूम सुटत आहेत. नशेच्या बाजाराला चाप बसलाच पाहिजे. पण या धडाक्यात एक माणूस कोणाच्याच खिजगणतीत नाही. त्याने नशा केलेली नाही. डॉक्टरने लिहून दिलेली अल्प्राझोलाम किंवा क्लोनाझेपाम तो रोज रात्री इमानाने घेत आला. सुरुवात पंधरा दिवसांसाठी होती, त्याची वर्षे झाली. आता दुकानदार पट्टी देत नाही आणि गोळी सोडायची कशी, हे सांगायला कोणी नाही. छपरावर चढवून शिडी काढून घेणे म्हणतात ते हेच.

ही गोळी एका दिवसात तोडायची नसते. रोजच्या मात्रेची शरीराला सवय झालेली असते. ती अचानक बंद केली की झोप उडते, हात थरथरतात, घाम फुटतो, छाती धडधडते, साधा आवाजही सोसत नाही. काहींना फिट येते आणि ती जिवावर बेतू शकते. घरच्यांना वाटते, जुना आजार उलटला. मग कुठून तरी पट्टी मिळवली जाते आणि मात्रा वाढते. कोणी मोहाच्या दारूने झोप आणू पाहतो. दारू आणि या गोळ्या एकत्र आल्या की श्वासच मंदावतो. गोळी सोडतानाचा हा त्रास रुग्णाचा कमकुवतपणा नव्हे, औषधाचा गुणधर्म आहे. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०२० मध्ये या गोळ्यांच्या वेष्टनावरील सर्वांत कडक इशाऱ्यात अवलंबित्व आणि सोडतानाचा त्रास यांचा समावेश केला. आपल्याकडे तोंडी एक वाक्य सांगण्याचीही तसदी घेतली जात नाही.

सोडण्याची रीत ठाऊक आहे. २०२५ च्या अमेरिकी मार्गदर्शक सूचना म्हणतात, दर दोन ते चार आठवड्यांनी पाच ते दहा टक्के कपात करा, दोन आठवड्यांत पंचवीस टक्क्यांपलीकडे जाऊ नका, त्रास वाढला तर तिथेच थांबा. आता हिशेब करा. रोज अर्धा मिलिग्रॅम घेणाऱ्याने पाव मिलिग्रॅमची गोळी अर्धी मोडली तरी पहिलीच कपात पंचवीस टक्क्यांची होते. म्हणूनच डॉक्टर कधी रुग्णाला डायझेपामसारख्या सावकाश उतरणाऱ्या औषधावर नेतात, म्हणजे पायऱ्या लहान करता येतात. हे काम घरच्या ब्लेडने होत नाही. त्याला महिनोन्महिने तोच डॉक्टर लागतो, झोप-त्रासाची नोंद लागते, मूळच्या चिंतेवर समुपदेशन लागते आणि ‘नाटक करतो’ असे न म्हणणारे घर लागते.

गोंदिया जिल्ह्यातही हे मिळायला हवे. जिल्हा १९९९ चा, वैद्यकीय महाविद्यालय २०१६ चे. महाविद्यालय म्हटले की मनोविकृती विभाग आलाच. पण चिचगड किंवा केशोरीच्या माणसाने धानाच्या रोवणीत मजुरी बुडवून दर पंधरवड्याला गोंदिया गाठायचे, की थेट नागपूर? राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम १९८२ पासून चालू आहे. २०१७ चा मानसिक आरोग्यसेवा कायदा तर सांगतो, जिल्ह्यात किमान सेवा नसेल तर जिल्ह्यातच अन्यत्र घेतलेल्या उपचारांचा खर्च सरकारने सोसावा. हे कलम किती रुग्णांना कोणी वाचून दाखवले? ‘टेली-मानस’ या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाणीचा १४४१६ क्रमांक पहिल्या आधारासाठी जरूर फिरवावा, पण मात्रा उतरवताना तपासणारा डॉक्टर जवळच लागतो.

सरकारची हीच खोड आहे. दारूबंदीची अधिसूचना निघते, व्यसनमुक्तीची खाट निघत नाही. गोळ्यांचेही तेच. औषध नियमांतली अनुसूची एच-१ लागू झाली २०१४ मध्ये. तिच्यातली औषधे विकताना ती लिहिणाऱ्या डॉक्टरचे आणि रुग्णाचे नाव नोंदवून ते तीन वर्षे जपणे दुकानदाराला तेव्हापासून बंधनकारक आहे. म्हणजे अल्प्राझोलाम, डायझेपामसारख्या गोळ्या कोण लिहितो, कोण वर्षानुवर्षे घेतो, याची यादी कायद्यानेच तयार करून ठेवली आहे. ती छाप्यासाठी उघडली जाते, उपचारासाठी कधीच नाही.

तेव्हा आधी व्यवस्था, मग हुकूम. देवरी, सालेकसा, अर्जुनी मोरगाव येथील ग्रामीण रुग्णालयांत मनोविकारतज्ज्ञाचा ठरलेला दिवस हवा. उतरत्या मात्रेची चिठ्ठी घेऊन येणाऱ्याला तेवढ्या गोळ्या मिळाल्याच पाहिजेत. आणि पहिली चिठ्ठी लिहितानाच गोळी कधी, कशी थांबवणार हे डॉक्टरने कागदावर मांडावे. एवढे जमत नसेल तर निदान छाप्यांची छायाचित्रे छापून आणू नका. अचानक तुटलेल्या गोळीने कोणाला फिट आली, तर तो दोष रुग्णाचा नसेल, हुकूम काढून मोकळे झालेल्यांचा असेल.