जीवनसत्त्व ‘अ’चे नऊही डोस पूर्ण करा

गावातल्या आणि वाड्यावस्त्यांवरच्या सर्व पालकांना कळकळीची विनंती.

नवव्या महिन्यात गोवर-रुबेलाची लस टोचायला बाळाला आणतो, तेव्हा जीवनसत्त्व ‘अ’चा पहिला डोस लसीच्या निमित्तानं होऊन जातो. पुढचे मात्र राहतात. दुसरा डोस दीड वर्षाच्या सुमारास आणि मग पाच वर्षं पूर्ण होईपर्यंत दर सहा महिन्यांनी, असे एकूण ९ डोस आहेत. सुई नाही, रडारड नाही; तेलकट औषध, पहिल्यांदा १ मिलि आणि नंतर दर वेळी २ मिलि. शरीर ते यकृतात साठवतं आणि महिनोन्महिने वापरतं. साठा संपला की पुन्हा द्यावं लागतं, एवढंच.

दिवसभर हुंदडणारं मूल दिवेलागणीला उंबऱ्याशी अडखळू लागलं, ताटातला घास चाचपडू लागलं, तर ‘झोप आली असेल’ म्हणून सोडून देऊ नका. अंधुक उजेडात दिसायला डोळ्याच्या पडद्याला जे द्रव्य लागतं, ते याच जीवनसत्त्वापासून बनतं. लहान मुलाला आपल्याला कमी दिसतंय हे सांगता येत नाही. त्याला उजेडात बसवा. डोळ्याच्या पांढऱ्या भागावर, बुबुळाच्या कडेला फेसासारखा डाग दिसला तर त्याच दिवशी आरोग्य केंद्रात न्या. दुर्लक्ष झालं तर बुबुळ मऊ पडून फुटतं आणि गेलेली नजर परत येत नाही.

प्रश्न फक्त डोळ्यांचा नाही. घसा, श्वासनलिका, आतडी यांचं आतलं अस्तर या जीवनसत्त्वावरच धड राहतं. म्हणून याची कमतरता असलेल्या मुलांना जुलाब आणि गोवर फार जड जातात. अंगावर गोवर उठला की मुलाला घरात ठेवून वाट पाहू नका. त्या वेळी हे औषध डॉक्टर वेगळं देतात.

हे जीवनसत्त्व खाण्यापिण्यातूनही मिळतं, म्हणून बाळंतिणीचं पहिलं चिकाचं दूध कृपा करून टाकू नका. वरचं खाणं सुरू झालं की शेवग्याचा पाला, माठ, तांबडा भोपळा, पपई, अंडं द्या. भाजीला थोडं तेल हवंच, नाहीतर अंगी लागत नाही. पण मेडिकलमधून गोळ्या आणून मनानं देऊ नका. अतिरेकानं अपाय होतो, आणि गरोदरपणात तर पोटातल्या बाळाला.

ऊसतोडीला, वीटभट्टीवर जाणाऱ्यांनी मुलाचं लसीकरण कार्ड सोबत न्यावं. तिथल्या आशाताईंना किंवा अंगणवाडीताईंना ते दाखवा; डोस मोफत आहे. बाकीच्यांनी आजच कार्ड काढून शेवटच्या डोसची तारीख बघा. सहा महिने उलटले असतील, तर येत्या लसीकरण सत्राला मुलाला घेऊन या.